पोर किडकिडीत आहे म्हणजे हृदय ठणठणीत, असं कुणी सांगितलं?

मागच्या दिवाळीत ताईकडं गावी गेलो होतो तर भाच्याच्या दप्तरात, वह्यांच्या मधे चुरगळून गेलेली एक चिठ्ठी सापडली. शाळेत आरोग्य तपासणीची गाडी येऊन गेली होती पावसाळ्याच्या सुरुवातीलाच, आणि चिठ्ठीवर लिहिलेलं "हृदयात आवाज, पुढील तपासणीसाठी पाठवावे". तेव्हापासून ती तशीच पडून. ताईला विचारलं तर म्हणाली, अरे त्याला काय झालंय, दिवसभर विहिरीत उड्या मारतंय, अंगावर मांस नाही की चरबी नाही, त्याला कुठला आलाय हार्टचा आजार. दाजी पण हसले. दाजींचे वडील ४८ व्या वर्षी रात्रीचं पाणी द्यायला शेतात गेले आणि तिथंच गेले, अटॅक. पण ते वेगळं ना, ते मोठ्या माणसाचं.

हे "ते वेगळं" डोक्यात अडकून बसलं. त्यात २०२५ मधेच केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या 'चिल्ड्रन इन इंडिया' अहवालावरून बातम्या फिरत होत्या की देशातल्या ५ ते ९ वयाच्या मुलांपैकी एक तृतीयांश मुलांच्या रक्तात चरबी जास्त आहे. वाचून लोकांना वाटलं ही सगळी शहरातली पिझ्झा खाणारी गुबगुबीत पोरं असणार. तर ते तसं नाहीये, आणि का नाहीये ते जरा बैजवार सांगतो, कारण यातला बराच महत्त्वाचा शोध आपल्या पुण्याजवळच्या खेड्यांतच लागलाय आणि आपल्यालाच माहीत नाही.

आधी घोळ मिटवू, "हार्टचा प्रॉब्लेम" म्हणजे नक्की कुठला

गावात एकाच शब्दाखाली तीन वेगवेगळी दुखणी येतात. घर डोळ्यासमोर आणा. एक म्हणजे बांधकामातच राहिलेली चूक, भिंतीला भोक राहिलं, पाइप उलटा जोडला गेला. हे जन्मजात दोष, हजार बाळांमागं साधारण ८-९ बाळांना असतात, आपण "हृदयाला होल आहे" म्हणतो ते यातलंच. दुसरं म्हणजे दाराची बिजागरी बिघडणं. हृदयात चार झडपा असतात, रक्त पुढं गेलं की मागं येऊ नये म्हणून, त्या घशातल्या एका जंतूच्या भानगडीत खराब होतात, त्याबद्दल पुढं. आणि तिसरं म्हणजे पाइपलाइन हळूहळू चोंदत जाणं, ज्याचा शेवट पन्नाशीत, हल्ली चाळिशीतच, अटॅकमधे होतो.

पहिली दोन दुखणी पोरवयातच दिसू शकतात. तिसऱ्याचं पोरवयात काहीच दिसत नाही, फक्त त्याची तयारी चालू असते. त्या तयारीला हातभार लावणाऱ्या गोष्टींना डॉक्टर रिस्क फॅक्टर म्हणतात, आपण जोखीम म्हणू. जोखीम म्हणजे आजार नव्हे. गाडीचं टायर गुळगुळीत झालंय म्हणून आजच घसरणार असं नसतं, पण पहिल्या पावसात कोण घसरेल हे सांगता येतं, तसं.

ठिबकच्या नळीतला क्षार

ज्याच्या शेतात ठिबक आहे त्याला हे लगेच कळेल. नळी नवी असते तेव्हा सगळ्या छिद्रांतून पाणी सारखं टिपकतं, मग बोअरच्या पाण्यातला क्षार आतून बसत जातो, बाहेरून नळी तशीच काळीभोर चकचकीत, आणि कळतं कधी तर टोकाची झाडं माना टाकतात तेव्हा. तोपर्यंत क्षार दोन-तीन हंगाम जुना झालेला असतो. हृदयाला रक्त देणाऱ्या धमन्यांचं अगदी हेच होतं, फक्त क्षाराच्या जागी चरबी आणि हंगामांच्या जागी तीस-चाळीस वर्षं.

आणि हा क्षार बसायला सुरुवात कधी होते, तर इथंच डॉक्टर लोक पण आधी चुकले होते. १९५३ साली कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदनं छापून आली, सरासरी वय २२, धडधाकट पोरं, आणि त्यातल्या ७७ टक्के पोरांच्या हृदयाच्या धमन्यांत कमीजास्त बिघाड सापडला. मग १९७३ मधे अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातल्या बोगालुसा नावाच्या कागद गिरणीच्या छोट्या गावात डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनी गावातल्याच शाळकरी पोरांचं बीपी, वजन, कोलेस्टेरॉल मोजायला घेतलं आणि वर्षानुवर्षं त्याच पोरांच्या मागं राहिले. गाव त्यांचं स्वतःचं. त्या पोरांपैकी काही अपघातात वगैरे गेली, त्यांच्या धमन्या तपासल्या. १९९८ मधे जे छापलं त्यात २ ते ३९ वयाचे २०४ जण होते, आणि २ ते १५ वयातल्या साधारण निम्म्या मुलांच्या हृदयाच्या धमन्यांत चरबीच्या पिवळ्या रेघा दिसल्या. २ ते १५! ज्यांचं बीपी, वजन, कोलेस्टेरॉल जिवंतपणी जास्त निघालं होतं त्यांच्यात रेघा पण जास्त.

घाबरून जाऊ नका, या रेघा म्हणजे ब्लॉकेज नव्हे, त्यातल्या बऱ्याच जिरूनही जातात. क्षार कोवळा असतो तोवर नळी धुता येते, दगड झाला की नळी बदलायचीच वेळ येते.

"पण ती अमेरिकेतली बर्गरवाली पोरं, आमची तर हाडं मोजता येतात"

हाच प्रश्न मला पण पडला होता. उत्तर पुण्यात मिळतं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांची टीम १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत गेली, तिथल्या बायकांना गरोदर राहायच्या आधीपासून बघत राहिली, काय खातात, किती काम करतात, रक्तात काय आहे, आणि मग बाळं जन्मली की ती मोजली. नुसतं वजन नाही, दंडाचा घेर, पोटाचा घेर, आणि चिमट्यासारख्या यंत्रानं कातडीखालची चरबी. तीच मापं इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांची घेतली.

आपली बाळं सरासरी २.७ किलो, त्यांची ३.५ किलो. यात नवल काही नाही, माहीत होतंच. पण चरबी बघितली तर धक्का. आपल्या बाळांचं मांस कमी, पोटातले अवयव लहान, सगळं कमी, फक्त पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळजवळ गोऱ्या बाळांइतकी टिकून. म्हणजे बाळ वरून हडकुळं आणि आतून चरबीवालं. यालाच "थिन-फॅट" बाळ म्हणतात आणि जगभरच्या डॉक्टरांना हा शब्द आता माहीत आहे. हिशोब साधा आहे, पगार कमी आला की घरात काही खर्च आधी कापले जातात, तसं पोटातल्या बाळाला पुरेसं मिळालं नाही की शरीर मेंदू वाचवतं, उद्या दुष्काळ पडेल म्हणून थोडी चरबी बाजूला ठेवतं, आणि काटछाट करतं ती मांसात, मूत्रपिंडात, स्वादुपिंडात. ही काटछाट नंतर भरून निघत नाही. मग आयुष्यभर त्या लहान यंत्रावर मोठा लोड.

याज्ञिकांचा स्वतःचा एक फोटो पण प्रसिद्ध आहे, २००४ मधला, शेजारी त्यांचे इंग्लंडचे सहकारी डॉ. युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशोबात वजन, अगदी एकच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. त्यामुळं आपल्याकडं वजनकाट्यावर विश्वास टाकून "पोर बारीक आहे, चिंता नाही" म्हणणं म्हणजे पोत्यावरचं वजन बघून आतला माल ओळखण्यासारखं.

जन्माच्या वजनाचा आणि पन्नाशीतल्या अटॅकचा काय संबंध

हे पहिल्यांदा दाखवलं डॉ. डेव्हिड बार्कर यांनी, तेही एका जुन्या वहीवरून. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून सुईणी आणि आरोग्य सेविका प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि एक वर्षाचं वजन लिहून ठेवायच्या, आपल्या अंगणवाडीच्या रजिस्टरसारखंच. बार्करनी त्या वह्यांतले साडेपाच हजारांहून जास्त पुरुष शोधले आणि १९८९ मधे छापलं की जन्मताना आणि वर्षाचे असताना जे हलके होते ते हृदयविकारानं जास्त मेले. लोकांनी आधी ऐकून घेतलं नाही. (आपल्याकडच्या अंगणवाडीताईंनी पाठदुखी होईस्तोवर भरलेली रजिस्टरं पन्नास वर्षांनी कुणी उघडेल का, हा विचार मनात येतो. बहुतेक वाळवीच उघडेल.)

आणि दिल्लीत जन्मापासून पाहिलेल्या दीड हजार लोकांवरचा २००४ चा अभ्यास अजून एक पेच सांगतो. मोठेपणी साखर कुणाची बिघडली, तर जी पोरं दोन वर्षांची असताना बारीक होती आणि नंतर १२ वर्षांपर्यंत पटापट वजनात चढत गेली त्यांची. त्यातली बरीचशी आपल्या नजरेला जाड दिसली पण नसती. म्हणजे पहिल्या दोन वर्षांत उपासमार आणि नंतर पाच रुपयाची पाकिटं, हा क्रम सगळ्यात वाईट, आणि आज गावागावात नेमका हाच क्रम चालू आहे.

"म्हणजे फिरून आईलाच दोष का?"

नाही, आणि हे मला ठासून सांगायचंय. गरोदर बाईनं डोक्यावरून पाणी आणायचं, खुरपायला जायचं आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेलं खायचं, हे काय तिनं ठरवलेलं नसतं. त्याच पुण्याच्या अभ्यासात ज्या बायकांच्या खाण्यात दूध, पालेभाजी, फळं जास्त वेळा होती त्यांची बाळं अंगानं चांगली भरली. दूध तर घरात होतंच बहुतेकांच्या, ते डेअरीला जात होतं.

आणि बी-१२. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मटण यातूनच मिळतं, भाजी-भाकरीत नसतं. सहा गावांतल्या दोन तृतीयांश गरोदर बायकांच्या रक्तात ते कमी निघालं. त्यांच्या पोरांना ६ वर्षांचं झाल्यावर परत तपासलं तेव्हा ज्यांच्या आयांचं बी-१२ कमी पण फोलेट (फोलिक ॲसिडच्या गोळीतून मिळतं ते जीवनसत्त्व) जास्त होतं त्यांच्यात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण सगळ्यात जास्त. इन्सुलिन म्हणजे साखरेला पेशीचं दार उघडून देणारी किल्ली, ती अडकायला लागली की पुढं डायबेटिस आणि त्याच्या मागोमाग हृदय. यावर लगेच कुणीतरी म्हणेल मग फोलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करा. अजिबात नाही! त्या गोळ्यांनी बाळाच्या मणक्याचे दोष टळतात. गोळी चालूच ठेवायची, जोडीला बी-१२ बघायचं, एवढंच.

मिश्रीबद्दल पण बोललंच पाहिजे. भाजलेल्या तंबाखूची पूड दाताला लावणं हे आपल्याकडं बायकांत इतकं घरगुती आहे की ते व्यसनात धरतच नाहीत, "मी तंबाखू नाही खात, फक्त मिश्री लावते". गरोदरपणात सुद्धा चालू. तंबाखूतलं निकोटिन नाळेतून जातं आणि बाळ हलकं होतं. मग तेच पोर मोठं होऊन आजीसमोर बसून मिश्री लावायला शिकतं. २०१९ च्या देशव्यापी सर्वेक्षणात १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांपैकी ८.५ टक्के कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होती, खेड्यांत शहरांपेक्षा जास्त. गुटखा आपल्या राज्यात २०१२ पासून बंद आहे, हे वाक्य टपरीवर म्हणून बघा.

ते ३४ टक्के काय आहेत

आता बातमीकडं. तो आकडा नवा नव्हेच, २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणातला आहे, अहवालात परत छापला. ५ ते ९ वयात ३४ टक्के मुलांचं ट्रायग्लिसराइड जास्त, १० ते १९ वयात १६ टक्के. ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातून फिरणारी, साठवायला निघालेली चरबी. मग दहाव्या वाढदिवसाला पोरं एकदम बरी होतात का? तर दोन्ही गटांची रेषा वेगळी आहे, लहानांना १०० च्या वर म्हणजे जास्त, मोठ्या पोरांना १३० च्या वर. मोठ्या माणसांना १५०. रेषा सरकली की टक्के सरकतात, हे बातमीत कुणी लिहिलं नाही. महाराष्ट्राचा आकडा १९ टक्क्यांच्या आसपास, देशात कमी असलेल्या राज्यांपैकी. पण त्याच सर्वेक्षणात देशभरात दर दहा मुलांमागं एकाची साखर डायबेटिसच्या उंबरठ्यावर आणि १० ते १९ वयातल्या ५ टक्के मुलांचं बीपी जास्त निघालं.

आणि ही चरबी फक्त तळलेल्यातून येत नाही, हे लोकांना पटत नाही. लिव्हर जास्तीच्या साखरेची आणि पिठाची पण चरबी करतं. आपल्या पोरांचं दिवसभराचं बघा की, सकाळी गोडमिट्ट चहात बुडवून खारी नाहीतर ग्लुकोज बिस्किट, दुपारी शाळेचा भात, संध्याकाळी दुकानातून पाच रुपयाचं तिखट-मिठाचं पाकीट, रात्री परत भात-आमटी नाहीतर चपाती-बटाटा. पोट भरलं, पण डाळ पातळ, दूध नाही, अंडं नाही. शाळेच्या जेवणात आठवड्याला अंडं द्यायचं २०२३ मधे सुरू झालं होतं आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारनं त्याचे पैसे थांबवले. वर्षाला पन्नासेक कोटींची बाब. मला हा निर्णय आजही कळलेला नाही. अंड्यानं कोलेस्टेरॉल वाढतं म्हणणाऱ्यांना सांगतो, वाढत्या वयाच्या पोराला आठवड्याचं एक अंडं काही करत नाही, खारीतला डालडा करतो.

घसा दुखतो आणि झडप खराब होते, हे कसं

आता ते बिजागरीचं. स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू घशात येतो, साधारण ५ ते १५ वयात, एका खोलीत सात-आठ माणसं झोपत असतील तर पटकन पसरतो. घसा चार दिवसांत बरा होतो, सगळे विसरतात. पण शरीरानं जंतू मारायला जी फौज तयार केली ती दोन-तीन आठवड्यांनी गोंधळते, कारण त्या जंतूचा चेहरा आपल्या झडपांच्या चेहऱ्याशी मिळताजुळता असतो, मग फौज स्वतःच्याच घरावर चाल करते. ताप येतो, आज गुडघा सुजला, दोन दिवसांनी तो उतरला आणि घोटा सुजला. याला संधिवाताचा ताप म्हणतात. डॉक्टरकीत एक जुनं वाक्य शिकवतात, हा ताप सांध्यांना नुसता चाटतो पण हृदयाला चावतो. सांधे बरे होतात म्हणून घरचे निर्धास्त, आणि झडप आखडत जाते. पुढं ती मुलगी पहिल्या बाळंतपणात धाप लागून दवाखान्यात येते तेव्हा कळतं.

चीड आणणारी गोष्ट म्हणजे यावर स्वस्तातलं पेनिसिलिन चालतं. घसा दुखायला लागल्यापासून ९ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तर हा ताप टाळता येतो. प्रत्येक घसादुखीला नाही हां, नाक गळतंय खोकला आहे तर ते बहुतेक व्हायरसचं, त्याला अँटिबायोटिक देऊन उपयोग नाही. पण ताप आहे, खोकला नाही, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, गळ्याखाली दुखऱ्या गाठी, असं असेल तर डॉक्टरला दाखवायचं आणि दिलेला कोर्स पूर्ण करायचा, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून गोळ्या फडताळात ठेवायच्या नाहीत. ज्याला एकदा हा ताप येऊन गेला त्याला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. ते दुखतं खूप, पोरं पळून जातात, एसटी चुकते, मजुरी बुडते, आणि दोन तारखा चुकल्या की सगळं मुसळ केरात.

मग व्हॉट्सॲपवर शाळेत कोसळणारी पोरं, ती?

ते व्हिडिओ बघून सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. पण एवढ्या लहान वयात असं अचानक होतं तेव्हा त्यामागं बहुतेक वेळा आनुवंशिक दोषानं हृदयाचा स्नायू जाड झालेला असणं, ठोक्यांच्या वायरिंगमधला दोष, नाहीतर न सापडलेला जन्मजात दोष असतो, चोंदलेल्या धमन्या नव्हेत. खेळता खेळता चक्कर येऊन पडणं, पळताना छातीत दुखणं, घरात कुणीतरी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, या तीन गोष्टींवर मात्र गप्प बसायचं नाही.

सगळ्या पोरांचं रक्त तपासून घ्यायचं का

सरसकट लॅबमधे रांग लावायची गरज नाही. बीपी मात्र फुकट आहे, तीन वर्षांपुढच्या पोराचं वर्षातून एकदा मोजावं असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, फक्त पट्टा पोराच्या दंडाच्या मापाचा हवा, मोठ्या माणसाचा ढगळ पट्टा बांधला तर बीपी खोटं कमी दिसतं. आरोग्य केंद्रात गेलात तर "लहान पट्टा आहे का" एवढं विचारा, काही ठिकाणी तो कपाटात नवाकोरा पडलेला असतो.

शाळेत येणारी गाडी म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ मधे याची देशातली सुरुवात आपल्याच पालघरला झाली. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा, १८ वर्षांपर्यंत. जन्मजात दोष आणि झडपेचा आजार दोन्ही त्यांच्या यादीत आहेत आणि पुढचे उपचार पण त्यातून मोफत होतात. कार्यक्रम चांगला आहे, दप्तरात अडकतो तो चिठ्ठीच्या कागदावर.

कोलेस्टेरॉल तपासायचं ते ज्याच्या घरात बाप-काका ५५ च्या आत किंवा आई-आत्या ६५ च्या आत अटॅकनं आजारी पडले किंवा गेले त्या पोराचं. कारण साधारण अडीचशे माणसांत एकाला आईकडून किंवा बापाकडून असा जीन आलेला असतो की कोलेस्टेरॉल जन्मापासूनच चढं राहतं, पोर कितीही किडकिडीत असो, विहिरीत कितीही उड्या मारो.

भाच्याला आम्ही दिवाळीनंतर जिल्ह्याला नेलं, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. काही नव्हतं. निरोगी पोरांत पण असा आवाज पुष्कळदा ऐकू येतो, नळातून जोरात पाणी वाहताना येतो तसा, त्यात आजार काही नसतो. ताईनं "सांगत नव्हते?" अशा नजरेनं माझ्याकडं बघितलं. पण डॉक्टरांनी फाइल बंद करता करता सहज विचारलं आजोबा कशानं गेले, कितव्या वर्षी. मग म्हणाले आधी वडिलांचं कोलेस्टेरॉल करून आणा, जास्त निघालं तर पोराचं करू. दीड-दोनशे रुपयांची टेस्ट. दाजी म्हणाले ऊस गेला की करतो. ऊस गेला, दाजींची टेस्ट काही अजून झालेली नाही.